आढळून न आलेला स्विच

पाटबंधारे खात्यातले हेडक्लार्क झुंबर सावळीराम पगारे यांच्या गाडीनं पहिली उडी मारली ती १९८३च्या मार्चमध्ये, एका मंगळवारी सकाळी सव्वानऊला, आणि मारली ती थेट कॉलनीच्या सूचनाफलकावर. फलकावर सेक्रेटरी गोरक्ष आहिरे यांनी आदल्याच दिवशी खडूनं झोकदार अक्षरात लिहिलं होतं, 'कॉलनीत वाहने सावकाश चालवावीत. हुकुमावरून.' फलक दोन्ही खांबांसकट आडवा झाला आणि 'हुकुमावरून' एवढाच शब्द गाडीच्या बॉनेटवर उलटा उमटला. गोरक्षराव तिथून चार पावलांवर दात घासत उभे होते. तोंडात फेस असल्यामुळे ते काय म्हणाले ते कुणाला समजलं नाही, पण सूर समजला.

यात गाडीचा दोष नव्हता, हे झुंबररावांचं म्हणणं तसं खरं होतं. गाडी चोपन्न सालची, विलायती, हँडब्रेक नावापुरता. कॉलनीचं मैदान नाल्याकडे उतरतं, म्हणून रात्री गाडी गियरमध्ये टाकून ठेवावी लागे. सकाळी ती न्यूट्रलवर आणायची, नाहीतर निदान क्लच तरी दाबायचा, आणि मग स्टार्टरचं बटण दाबायचं, एवढाच नियम. पण हा नियम विसरला, की इंजिन नंतर सुरू होई आणि गाडी आधी निघे. आणि झुंबरराव विसरत. कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस क्लच कुठून लक्षात ठेवणार?

त्याच संध्याकाळी कॉलनीच्या कमिटीची तातडीची सभा भरली. चौदा एप्रिलला जयंती, मैदानावर मांडव पडणार, शे-दोनशे पोरंसोरं बागडणार, तेव्हा सदर वाहन जयंतीपूर्वी निर्धोक करण्यात यावे, अन्यथा कॉलनीबाहेर हलवण्यात यावे, असा ठराव गोरक्षरावांनी मांडला. तो एकमतानं पास झाला. त्यातलं एक मत झुंबररावांचं होतं, कारण ठरावाची भाषा दुरुस्त करण्यात ते इतके रंगले होते की हात कधी वर गेला ते त्यांनाच कळलं नाही.

"कॉलनीबाहेर म्हणजे कुठे?" घरी आल्यावर लताबाईंनी विचारलं. लताबाई म्हणजे झुंबररावांच्या मंडळी, नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण, त्यामुळे प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत नजर काढत नसत.

"बघू," झुंबरराव म्हणाले.

"बघू नका. स्विच बसवा, ब्रेक बसवा, काय वाटेल ते बसवा. नाहीतर द्वारकेच्या चौकातल्या भंगारवाल्याकडे नेऊन घाला. मी तर त्यात पाय ठेवणार नाही."

आतल्या खोलीतून यशोदाबाई बाहेर आल्या. झुंबररावांच्या आई. वय सत्तरीला टेकलेलं, माहेर चांदवडचं. "असं कसं भंगारात?" त्या म्हणाल्या. "सतरा तारखेला मैनाचा साखरपुडा हाय. लहानूला म्या निरोप धाडलाय, लेकाच्या गाडीनं येते म्हणून. समद्या गावाला म्हाईत झालंय. आता यष्टीतनं उतरले तर माझं नाक ऱ्हाईल का?"

लहानू म्हणजे यशोदाबाईंचे धाकटे भाऊ. मैना त्यांची मुलगी. लहानू पंचवीस वर्षं कांद्याचा ट्रक चालवलेला माणूस, आणि बोलायला तिखट. मागच्या एका लग्नात भर पंगतीत तो म्हणाला होता, "आक्का, तुझ्या लेकाची गाडी कागदावर चालती वाटतं." यशोदाबाई त्या दिवशी बुंदी न खाता उठल्या होत्या. बुंदी त्यांना फार आवडते, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, चाकाखाली वीट लावा. लावली. दुसऱ्या दिवशी गाडी विटेवर चढली आणि वीट काढायला तिघे लागले. कुणी म्हणालं, समोर चिठ्ठी चिकटवा. झुंबररावांनी चिकटवली. दुसऱ्या कुणी नुसतं 'गियर बघ' असं लिहिलं असतं. यांनी लिहिलं, 'वाहन सुरू करण्यापूर्वी ते गियरमध्ये आहे किंवा कसे याची खातरजमा करण्यात यावी.' 'किंवा कसे'पर्यंत वाचून होईस्तोवर बोट बटणावर गेलेलं असे.

मग ऑफिसात एका डेप्युटी इंजिनियरच्या टेबलावर पडलेल्या अमेरिकन मासिकात त्यांना उपाय सापडला. तिकडच्या गाड्यांना म्हणे एक 'न्यूट्रल सेफ्टी स्विच' असतो. गाडी न्यूट्रलवर नसेल तर स्टार्टरला वीजच जात नाही. माणूस विसरला तरी स्विच विसरत नाही. झुंबररावांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते घरी तीनदा म्हणून दाखवलं. मुंबईच्या विलायती पार्टवाल्यानं मात्र कळवलं की माल बोटीनं मागवावा लागेल, आणि जो आकडा लिहिला तो गाडीच्या खरेदीच्या निम्म्याहून जास्त होता.

"मग गाडी राहू द्या," लताबाई म्हणाल्या, "त्या स्विचलाच चार चाकं लावा."

झुंबररावांनी मनाशी विचार केला. स्विच म्हणजे वीज, आणि विजेचा माल म्हणजे मुंबईची लोहार चाळ. तिथल्या एका व्यापाऱ्याला त्यांनी पत्र घातलं. विषय: न्यूट्रल सेफ्टी स्विच, माफक दराचा, मिळणेबाबत. पत्र निर्दोष होतं. काना, मात्रा, जावक क्रमांक, सगळं जागच्या जागी. फक्त त्यात 'गाडी' हा शब्द कुठेच नव्हता, कारण विषयाबाहेरचं लिहायची त्यांना सवय नव्हती. आणि विजेच्या बाजारात न्यूट्रल म्हणजे काय, हे तुम्हा-आम्हाला घरातल्या वायरमनमुळे माहीत आहे. एक फेज, एक न्यूट्रल.

बारा दिवसांनी व्ही.पी.नं, म्हणजे पोस्टमनला पैसे मोजून सोडवायचं, खोकं आलं. ते उचलायला पोस्टमननं शेजारून माणूस आणला. आतून निघाला एक लोखंडी मेनस्विच, बाहेरून हँडल, आत चिनी मातीचे फ्यूज, वजन साडेचौदा किलो. सोबत चिठ्ठी होती: 'न्यूट्रल लिंकसह. पीठगिरणीस उत्तम.'

अर्ध्या तासात कॉलनीत बातमी पसरली की पगारे पीठगिरणी काढतायत. बायका दर विचारायला आल्या. गोरक्षराव लेखी हरकत घेऊन आले, की कॉलनीच्या लाइनला गिरणीचा लोड झेपणार नाही. झुंबररावांनी त्यांना बसवलं, समजावलं, चहा पाजला. जाताना गोरक्षराव म्हणाले, "ते सगळं ठीक आहे पगारेसाहेब, पण बाजरी दळणार की नाही?"

झुंबरराव त्या रात्री जेवले नाहीत. म्हणजे दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

तारीख एक एप्रिल. जयंतीला तेरा दिवस राहिले होते. झुंबरराव पुन्हा गोरक्षरावांकडे गेले, फलकाच्या नुकसानीबद्दल दिलगिरी व्यक्त करायला. कॉलनीत फ्रिज एकट्या गोरक्षरावांकडे. गार पाणी देण्यासाठी त्यांनी दार उघडलं आणि आत दिवा लागला. झुंबरराव उठून उभे राहिले. त्यांनी दार लावलं, उघडलं, लावलं, उघडलं. मग वाकून चौकटीतलं छोटं पांढरं बटण शोधून काढलं. दार हललं की बटण हलतं, आणि बटणावर दिवा चालतो. म्हणजे क्लचचं पायडल हललं की बटण हलेल, आणि बटणावर स्टार्टर चालेल. ते एवढा वेळ दार उघडं धरून उभे राहिले की बर्फाचं पाणी झालं आणि गोरक्षरावांच्या मंडळींनी कुल्फीचा बेत रद्द केला.

जुन्या फ्रिजचं तसलं बटण भंगारात सहज मिळालं. ते घेऊन झुंबरराव द्वारकेच्या भिमाजी मिस्तरीकडे गेले. भिमाजी म्हणजे हातात पाना आणि कानावर विडी, माणूस मोजका. त्यानं बटण दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, पण हे दाबल्यावर..."

"भिमाजी, विषयाला धरून बोला. क्लचखाली बसेल का?"

"बसंल."

"मग बसवा."

भिमाजीनं खांदे उडवले आणि बसवलं.

रविवारी कमिटीसमोर प्रात्यक्षिक झालं. फलक नव्या सिमेंटमध्ये पुन्हा उभा राहिला होता, सिमेंट अजून ओलं होतं. सगळी कॉलनी गोळा झाली. यशोदाबाईंना खुर्ची दिली. झुंबररावांनी छोटंसं भाषण केलं, माणूस विसरला तरी स्विच विसरत नाही, वगैरे. मग गाडीत बसून मोठ्यानं म्हणाले, "गाडी गियरमध्ये आहे. मी क्लच दाबलेला नाही. आता बटण दाबतो. काहीही होणार नाही."

फ्रिजचं बटण दाबलं की दिवा विझतो. सोडलं की लागतो. एवढंच भिमाजी सांगत होता.

यावेळी फलक सिमेंटच्या गोळ्यांसकट उखडला आणि पार नाल्याच्या कडेला जाऊन पडला. गर्दीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा करा, म्हणाली. गोरक्षरावांनी वही काढून काहीतरी लिहिलं. लताबाई एक शब्द बोलल्या नाहीत, आणि घरी येऊनही बोलल्या नाहीत, आणि ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांना मी यापुढे काही सांगायला नको. यशोदाबाई तेवढ्या म्हणाल्या, "उडी झ्याक मारली. पर चांदवडला आशी नको."

झुंबरराव भिमाजीवर जाऊन बरसले. "आधी का नाही सांगितलं?"

"सांगत होतो. तुम्ही म्हणले, विषयाला धरून बोला."

मग घराच्या दारावरच्या घंटीचं बटण काढून लावलं, कारण ते दाबल्यावर चालू होतं. विचार बरोबर होता, बटण बोटासाठी केलेलं होतं. झुंबररावांचा बहात्तर किलोचा पाय पडताच त्याचा भुगा झाला, आणि घरी पाव्हणे दारात उभे राहून हाका मारू लागले.

आठ तारखेला झुंबरराव द्वारकेच्या टपरीवर चहा घेत बसले होते. खरं सांगायचं तर बसले नव्हते, खचले होते. समोर भंगारवाल्याचं दुकान. त्यानं सकाळीच विचारलं होतं, गाडी कधी आणताय म्हणून. आईला काय सांगायचं हे त्यांच्या डोक्यात घोळत होतं. तिनं कपाटातलं चांगलं लुगडं बाहेर काढून ठेवलं होतं, आणि रोज ते उघडून पुन्हा घडी घालून ठेवत होती.

चौकात बैलगाडी आडवी आली आणि रिक्षांची रांग खोळंबली. एकेक रिक्षा ब्रेक मारत होती, आणि एकेकीच्या मागचा लाल दिवा लागत होता. ब्रेक सोडला की विझत होता. पाय दाबला की दिवा. पाय सोडला की अंधार. झुंबररावांनी कप खाली ठेवला. तो टेबलावर नव्हे, शेजारच्याच्या मांडीवर गेला. ते धावत जाऊन एका रिक्षाच्या मागे ओणवे झाले.

"काय पडलं काका?" रिक्षावाल्यानं वळून विचारलं.

"काही नाही. जरा पुन्हा ब्रेक दाबा."

रिक्षावाल्यानं दाबला. झुंबररावांचा चेहरा लाल उजेडात उजळला. "पुन्हा," ते म्हणाले. तीनदा दाबून घेतल्यावर त्यांनी रिक्षावाल्याचे मनापासून आभार मानले, आणि मग त्या माणसानं रिक्षा जरा घाईनंच पुढे काढली.

कोपऱ्यावर रिक्षाच्या पार्टचं दुकान होतं. मालक सटाण्याकडचा. "ब्रेकच्या दिव्याचा स्विच आहे?"

"शे ना. आठेच शे," म्हणजे इथंच आहे, असं म्हणत त्यानं डबा पालथा केला. डब्यात पन्नास होते. रिक्षाला रोज हजारदा लाथा बसतात, त्या सोसणारा माल. मुंबईचा पार्टवाला ज्याच्यासाठी बोट मागवणार होता, ती वस्तू दोन प्लेट भज्यांच्या भावात द्वारकेच्या कोपऱ्यावर पडली होती.

भिमाजीनं तो क्लचच्या पायडलला स्प्रिंगनं जोडला, स्टार्टरच्या बटणाची तार त्यातून फिरवली. क्लच दाबून बटण: इंजिन सुरू. क्लच सोडून बटण: काही नाही. गियर असो नसो, क्लच दाबल्याशिवाय गाडी ढिम्म. झुंबररावांनी चाळीसदा करून पाहिलं. चाळिसाव्या वेळी भिमाजी म्हणाला, "साहेब, ब्याटरी उतरंल."

"भिमाजी, तुम्ही विद्वान आहात."

"आता म्हणले."

पण गोरक्षराव फलकापायी दोनदा पोळलेले होते. त्यांना आता प्रात्यक्षिक नको होतं, सरकारी दाखला हवा होता. अधिकृत, गोल शिक्क्यासह. झुंबरराव रजा टाकून वाहनांची कामं होतात त्या कचेरीत गेले. तिथल्या क्लार्कनं कागद पाहिले, चष्मा पुसला आणि विचारलं, "हा स्विच मूळ गाडीत होता का?"

"नव्हता."

"म्हणजे बदल नाही. मग नवीन जोडणी. पण नवीन जोडणीच्या तक्त्यात याचं नाव नाही. कोष्टकात नाव नसलेली वस्तू तपासायची कशी?"

"पण ती आहे. मी दाखवतो."

"तुम्ही दाखवाल हो. मी बघायची कशी?"

दुसऱ्या कुणाचा अशा वेळी तोल गेला असता. झुंबररावांना मात्र गहिवरून आलं. वीस वर्षं त्यांनी स्वतः शेतकऱ्यांना पाटाच्या पाण्याबद्दल हेच सांगितलं होतं, पण इतक्या सफाईनं नाही. ते खुर्ची ओढून बसले. दोघा कसलेल्या क्लार्कांनी दीड तास बसून मसुदा तयार केला, दोनदा चहा झाला, 'सबब' की 'तस्मात' यावर थोडा वाद झाला. शेवटी गोल शिक्क्यासह कागद हातात पडला: 'सदर वाहनाची पाहणी केली असता त्यात नियमबाह्य असा कोणताही स्विच आढळून आलेला नाही. सबब हरकत नाही.'

गोरक्षरावांनी कागद उजेडाला धरला. शिक्का पाहिला. उलट बाजूनं पाहिला. "हां. आता कसं रीतसर झालं," म्हणाले आणि फाइलला लावला. मजकूर त्यांनी आजपर्यंत वाचलेला नाही.

जयंती थाटात झाली. सतराला सकाळी यशोदाबाई ते लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसल्या, लताबाई मागे. लताबाईंनी पाय ठेवण्याआधी झुंबररावांकडून क्लच सोडून बटण दाबून घेतलं, तीनदा. मग ओझर, पिंपळगाव करत गाडी आग्रा रोडनं निघाली. वाटेत यशोदाबाई प्रत्येक एस.टी.कडे बघून घेत होत्या, आत कुणी ओळखीचं आहे का म्हणून. असतं तर बरं झालं असतं.

चांदवडला दारात मांडव, मांडवाच्या तोंडाशी चुली. झुंबररावांनी गाडी मांडवाकडे तोंड करून लावली आणि उतरताना सवयीनं गियर टाकला. जागा उताराची होती. पहिल्या पंगतीला ते बसले, दोन घास झाले, तेवढ्यात नवरदेवाकडची जीप आली. वाट हवी होती. खिशातली किल्ली लहानूमामांनी काढून घेतली. "तू जेव भाचेबुवा. पंचवीस वर्षं ट्रक हाकलाय. तुझी डबी मी सरकवतो."

झुंबररावांचा घास तोंडातच राहिला. गाडी गियरमध्ये. समोर आठ हातांवर उकळत्या आमटीचं पातेलं, त्याच्याभोवती पाच बाया, आणि पाव्हण्यांना पाणी द्यायला निघालेली मैना. ट्रक नेहमी न्यूट्रलवर ठेवणारे मामा क्लच कशाला दाबतील? ओरडावं म्हटलं तर तोंडात घास.

मामांनी बटण दाबलं. काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही. पाच वेळा दाबलं. मग ते उतरले आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असे म्हणाले, "बंद पडली. मी म्हणलं नव्हतं का, कागदावर चालती म्हणून?"

मांडव हसला. नवरदेवाकडची दोन तगडी माणसं धक्का द्यायला पुढे झाली. आणि पंगतीत उष्ट्या हातानं उभ्या राहिलेल्या झुंबररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, लाजेनं. त्यांना सांगावंसं वाटत होतं की अरे, आमटी चुलीवर आहे, मैना हसते आहे, कुणाला काही झालं नाही, हे केवढं मोठं झालंय! पण जे झालं नाही ते सांगायचं कसं? त्यांनी 'क्लच', 'स्विच', 'रिक्षा' असे तीन शब्द उच्चारले, आणि लोक आणखी हसले.

यशोदाबाई उठल्या. "झुंबर," त्या म्हणाल्या, "लहानूनं दाबलं आन गाडी हालली नाय. ह्ये बरं झालं का वाईट?"

"बरं झालं, आई. लय बरं झालं."

"त्यो स्विच त्योच?"

"तोच."

"मंग," असं म्हणून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, चालत गाडीसमोर गेल्या आणि बॉनेटला टेकून उभ्या राहिल्या. "लहानू, बस आत. दाब बटण."

"आक्का, बाजूला हो."

"का? बंद पडलीय ना? दाब."

हसणं थांबलं होतं. पंचवीस वर्षं ट्रक हाकलेला माणूस आत बसला. हात बटणाकडे नेला, मागे घेतला. गियरकडे पाहिलं, गियर टाकलेलाच होता, आणि ट्रकवाल्याच्या डोक्यात एकदम सगळा उजेड पडला. समोर आमटी कुठे आहे, मैना मघाशी कुठे उभी होती, सगळं त्यांनी एकदा पाहून घेतलं. चेहरा उतरला.

"दाब," यशोदाबाई म्हणाल्या.

"नाय दाबत," मामा हळूच म्हणाले. "दाबायचं नाय मला, आक्का."

"मंग मी सांगते म्हणून दाब. पर क्लचला पाय लावू नगं."

मामांनी डोळे मिटून बटण दाबलं. गाडी जागची हलली नाही. यशोदाबाईही हलल्या नाहीत.

मग त्यांनी लेकाला हाक मारली आणि स्वतः पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. झुंबरराव हात धुऊन आले, मामा उतरले. झुंबररावांनी क्लच दाबला, बटण दाबलं, आणि इंजिन पहिल्या हाकेला सुरू झालं. गाडी डौलात मागे सरकली. जीपला वाट झाली.

मामा खिडकीशी आले. आवाज पार मऊ झाला होता. "भाचेबुवा, आमच्या ट्रॅक्टरला बसंल का ह्यो?"

झुंबररावांनी तोंड उघडलं, पण यशोदाबाईंनी त्यांना बोलू दिलं नाही.

"बसंल की," त्या म्हणाल्या. "पर आधी मला ताटात बुंदी वाढ. मागच्या खेपेची बाकी हाय."

मामा स्वतः परात घेऊन आले. यशोदाबाईंनी गाडीतून न उतरता, समद्या मांडवासमोर, पुढच्या सीटवर बसून दोनदा वाढून घेतली.